घोडा बदलायचा की नाल?

बदलापूरला हे नाव कसे पडले, याची गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. शिवाजी महाराजांचे स्वार या वाटेने जाता-येता इथे थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे घेत, आणि म्हणून हे बदलापूर. गोष्टीला कागदाचा आधार किती, ते इतिहासकारांनी पाहावे; गावाने ती केव्हाच मंजूर करून टाकली आहे. पंचाईत एवढीच, की ज्या गावाचे नाव घोडा बदलण्यावरून पडले, त्याच गावात राहून मी वीस वर्षे एकच घोडा हाकतो आहे.

हा घोडा म्हणजे २००५ च्या दसऱ्याला घेतलेली पांढरी मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बारा इंची चाके. काट्यावर २ लाख १८ हजार किलोमीटर. तिच्या जातीची शेवटची गाडी कारखान्यातून जानेवारी २०१४ मध्ये बाहेर पडली; म्हणजे आता तिला धाकटे भावंड होण्याची आशा नाही. वीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ पावसाळे पाहिले. माझे गुडघे वाजू लागले, तिचे दरवाजे वाजू लागले. माझ्या गुडघ्यांवर उपाय नाही असे डॉक्टर म्हणतात. दरवाजांवर आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्याअखेर, तिच्या नोंदणीची मुदत संपत आली. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. २०२० साली आम्ही हे काम सहाशे रुपये फीमध्ये केले होते. एप्रिल २०२२ मध्ये त्या सहाशेचे पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी दहा हजार. वर पर्यावरण कर निराळा. हे कळताच पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आता ती भंगारात द्या. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही. तुम्ही दोघे तिच्यातून फिरता याची मला धास्ती वाटते."

पैशाच्या गोष्टीला माझ्याजवळ उत्तर होते. मी गाडीची वही ठेवतो. ऑइल, टायर, बॅटरी, विमा, मिस्त्रीची मजुरी असे सगळे धरून मागच्या पाच वर्षांची सरासरी वर्षाला अठरा हजारांच्या आत येते. उलट पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता १०,४०० च्या घरात जातो, म्हणजे वर्षाला सव्वा लाख. आणि त्या गाडीलाही ऑइल लागतेच. पेन्शनीत बसणारा हिशेब कोणता, हे सांगायला नको. पण धास्तीला माझ्या वहीत उत्तर नव्हते. मुलगा खोटे बोलत नव्हता.

तेव्हा आमच्यात एक करार झाला. महिनाभरात मी गाडीची तीन ठिकाणी परीक्षा घ्यायची: सांगाडा, ब्रेक आणि धूर. तिन्हींपैकी एकात जरी ती नापास झाली, तरी डोळ्यांतून टिपूस न काढता तिला नोंदणीकृत भंगारकेंद्रात सोडायची. पास झाली, तर चिरंजीवांनी गप्प बसायचे. बदलापूर ते कल्याण हा पंधरा-एक किलोमीटरचा रस्ता, मध्ये अंबरनाथ आणि उल्हासनगर. परीक्षेची सगळी केंद्रे याच रस्त्यावर होती.

पहिली परीक्षा घरच्या अंगणातच. जुन्या गाडीचा खरा शत्रू पाणी. किलोमीटरने झिजलेला भाग बदलता येतो. गंजलेला सांगाडा बदलता येत नाही. आणि बदलापूरला पाण्याचा तोटा कधी नव्हता. जून ते सप्टेंबर बारवीच्या डोंगरांवरून ढग असे उतरतात, की चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते. मग पत्र्याची काय कथा! पुष्कळांना ठाऊक नसते, की मोटारीच्या प्रत्येक दाराच्या तळाशी बोटभर लांबीची बारीक छिद्रे असतात. काचेवरून आत ओघळलेले पाणी तिथून बाहेर पडावे, ही योजना. ती छिद्रे मातीने बुजली, की दार आतून पाण्याचा हौद होते आणि तळ कुजतो. वर्षातून दोनदा, मेअखेरीस आणि दिवाळीपूर्वी, एक तार घेऊन ती छिद्रे मोकळी करायची. खर्च शून्य. मी हे वीस वर्षे करत आलो आहे.

तरी मनात भीती होती ती २०१९ च्या पुराची. त्या वर्षी २७ जुलैला उल्हास नदी पात्र सोडून गावात शिरली. महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकून पडली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, तीच ती सकाळ. आमच्या इमारतीखाली पाणी सीटच्या उंचीपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो, तर शेजारचे एक गृहस्थ आपल्या नव्या गाडीची किल्ली फिरवून पाहत होते. एकदा खर्र झाले, मग नुसते टक्. सिलिंडरात पाणी शिरले असले, की पिस्टन ते दाबू शकत नाही. हवेसारखे पाणी दबत नाही. मग वाकतो तो आतला लोखंडी दांडा. आणि अशा रीतीने मोडलेल्या इंजिनाची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते.

आम्ही किल्लीला हात लावला नाही. बॅटरीची तार सोडवली, ऑइलची काडी काढून पाहिली. तिच्यावर दुधाळ चहासारखा फेस आला तर समजावे, की ऑइलमध्ये पाणी आहे. आमच्या काडीवर आला होता. गाडी दोरीने ओढत मिस्त्रीकडे नेली. प्लग काढून सिलिंडर कोरडे केले, ऑइल दोनदा बदलले, सीट आणि खालची गादी काढून आठवडाभर उन्हात टाकली. "ऊन" म्हणजे जुलैत जे काही सापडेल ते. एकूण सात हजारांत गाडी उभी राहिली. शेजाऱ्यांच्या गाडीचे इंजिन उतरवावे लागले.

सहा वर्षांनी त्या पाण्याने मागे काय ठेवले, हे पाहायला मिस्त्रीने गाडी वर उचलली. पेचकसाची मूठ घेऊन त्याने दारांखालच्या पत्र्याच्या उंबऱ्यांवर वीतभर अंतराने ठोके मारत नेले. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. मी शेजारी उकिडवा बसून ऐकत होतो. शाळेच्या निकालाच्या दिवशीही मी इतका घाबरलो नव्हतो. डाव्या बाजूला, मागच्या चाकापुढे, एकदा भद्द वाजले. हात-दीड हात पत्रा गेला होता. पण तो वरचा. आतली मुख्य तुळई आणि चाकांचे दांडे जिथे बोल्टांनी बसतात त्या जागा शाबूत होत्या. "वरचा गेला तर कापून नवा जोडतो, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "आतला गेला असता, तर मीच तुम्हाला गाडी चालवू दिली नसती." कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला आणि वर गंजरोधक लेप चढवला. चार हजार रुपये, आणि पहिला पेपर पास.

दुसऱ्या पेपराला अंबरनाथ. ब्रेक दाबला की गाडी किंचित उजवीकडे ओढे. मागचे चाक उघडल्यावर कारण कळले: चाकातल्या छोट्या सिलिंडराचे रबर फुगून ब्रेकचे तेल झिरपत होते आणि ड्रमच्या आत खोल रेघा पडल्या होत्या. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. दोन वर्षांत ते न बदलले, तर आतून गंज धरतो आणि तो गंज रबर खातो. माझ्याकडून या वेळी तीन वर्षे लोटली होती. वहीत तारीख स्पष्ट होती. वही ठेवणे आणि वही वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ड्रम काढून लेथवर आतून तासून घ्यायचे ठरले. अंबरनाथला लेथची वाण नाही. दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, विमकोची आगपेटी, पुढे एमआयडीसी. या गावाने तीन-चार पिढ्या टर्नर आणि फिटर घडवले. मी ज्यांच्याकडे जातो ते काका निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ घेऊन बसतात. कानाला लावलेली पेन्सिल आणि हातातला व्हर्नियर सोडून तिसरे हत्यार त्यांना क्वचितच लागते. त्यांच्याशी माझी ओळख एका चुकीतून झाली. २०२२ च्या उन्हाळ्यात रेडिएटरची एक रबरी नळी फुटली. काटा तांबड्यात गेलेला दिसत असूनही "आता घर आलेच आहे" म्हणत मी दोन किलोमीटर गाडी दामटली. इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकले. दोनशे रुपयांच्या नळीपायी नऊ हजारांचे काम निघाले, आणि ते हेड काकांच्या ओळखीने इथेच घासून सपाट झाले. शिवाय तेव्हा उघडकीला आले, की पूर्वी कोण्या मिस्त्रीने "मुंबईच्या हवेत कशाला" म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकला होता. थर्मोस्टॅट नसला, की इंजिन फार वेळ थंडच राहते, पेट्रोल जास्त पिते आणि जास्त झिजते. नवा बसवल्यावर लिटरमागे एक-दीड किलोमीटर वाढला. तेव्हापासून नळाचे पाणी रेडिएटरला वर्ज्य. गंज आणि क्षार धरू न देणारे कूलंटच घालायचे.

काकांनी ड्रम हातात घेतला, पुसला, आणि त्याच्यावर ओतलेला एक बारीक आकडा मला दाखवला. हा कमाल व्यास. ड्रम याहून मोठा तासला, तर तो पातळ होतो, तापतो, तडकतो. डावा ड्रम तासून मर्यादेत बसला. उजवा बसला असता, पण जेमतेम. "बसवू शकतो," काका म्हणाले, "पण ब्रेकला जेमतेम चालत नाही. तो नवाच आणा." लेथ चालवून मिळणारे पैसे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सोडले.

त्यांचे काम होईस्तोवर मी शिवमंदिराकडे जाऊन आलो. वालधुनीच्या काठचे हे देऊळ शिलाहारांचे. त्यावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० सापडते. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो, की बाहेरचे रिक्षांचे भोंगे एकदम दूर जातात. वर आल्यावर भिंतीजवळ उभा राहून पाहत होतो. शिखर पुरे उरलेले नाही, कितीतरी मूर्तींची नाके गेली आहेत; पण पाया आणि भिंती जागच्या हललेल्या नाहीत. आमच्या मिस्त्रीने पेचकसाची मूठ मारून हेच पाहिले असते.

देवळाशेजारून वाहणाऱ्या वालधुनीकडे मात्र बघवत नाही. कारखान्यांनी आणि वस्त्यांनी मिळून तिचे जे केले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सांगतो: गाडीतून निघालेले काळे ऑइल गटारात ओतू नये. ते डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्याला द्यावे. तो वर चार पैसेही देतो.

नवा ड्रम आणि बाकीची यादी घेऊन उल्हासनगरला गेलो. इथे वस्तू मिळत नाही असे होत नाही. मिळालेली वस्तू काय आहे, एवढेच ओळखावे लागते. "मेड इन यू.एस.ए." म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकून तीन पिढ्या हसल्या. पण तो विनोद करणाऱ्यांना हे गाव कसे वसले, याची आठवण असतेच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखाच्या आसपास माणसे त्या रिकाम्या बराकींत आणून ठेवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव मिळाले. वस्तीच्या भागांना आजही कॅम्प नंबर एक ते पाच म्हणतात. ज्यांचे घरदार, शेती, पेढ्या सगळे पलीकडे राहिले, त्यांनी हाती लागेल त्यातून हवे ते करायला शिकून घेतले. अशा गावात जुनी गाडी घेऊन जाताना मला ओशाळल्यासारखे होत नाही.

माझ्या ओळखीचे सुट्या भागांचे दुकान एका गल्लीत आहे. मालक सत्तरीचे. मी त्यांना "साईं" म्हणतो, ते मला "साहेब" म्हणतात, आणि भाव करताना आम्ही दोघेही हे विसरतो. त्यांच्याकडे एकाच वस्तूचे तीन भाव असतात. पहिला, मोटार कंपनीच्या नावाच्या खोक्यातला. दुसरा, ती वस्तू मोटार कंपनीला पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या खोक्यात विकलेला. माल पुष्कळदा तोच, भाव कमी. तिसरा "लोकल". माझी बरीच खरेदी दुसऱ्या भावाची असते, आणि जुन्या गाडीत पैसे वाचतात ते इथे. शिवाय माझ्या गाडीचे एक भाग्य असे, की हेच ७९६ सीसी इंजिन ओम्नी व्हॅनलाही होते, आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. आमच्यापुढे तीन स्टेशनांवरच्या नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत वर्षानुवर्षे माणसे चढवून नेणाऱ्या ओम्नींचे काळीज तेच. तेव्हा सुटे भाग मुबलक. जुनी गाडी स्वस्तात ठेवायची, तर ती चारचौघांकडे असलेली हवी. दुर्मिळ गाडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आणि भंगारातले भाग? तेही घ्यावेत, पण विचारून. मी एक नियम केला आहे: गाडी थांबवणारा, वळवणारा, किंवा पेट्रोल वाहून नेणारा भाग जुना घ्यायचा नाही आणि लोकल घ्यायचा नाही. म्हणजे ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, टायर, पट्टे, नळ्या. दाराची मूठ, आरसा, काच, काच वर-खाली करणारे यंत्र, मागचा दिवा, सीट हे खुशाल जुने घ्यावे. साईंना हा नियम सांगितला, तेव्हा ते हसले. "पुराना बुरा नहीं होता, साहेब. अनजान बुरा होता है." ज्या गाडीतून भाग निघाला ती कशी चालली, किती आपटली, हे दाराच्या मुठीला विचारावे लागत नाही, ब्रेकला विचारावे लागते, आणि तो सांगत नाही.

त्या दिवशी ब्रेकचा ड्रम, दोन्ही मागच्या चाकांची सिलिंडरे आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घेतल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवेलच असे नाही. नळी कडक झाली, चिरली, आणि तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले, तर काय होईल ते लिहायला नको. टायर पाहिले. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या दोन टायरांवर १८१८ होते, म्हणजे २०१८ चा अठरावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण रबराला बाजूने बारीक चिरा होत्या. तेही बदलले. मागचा एक दिवा मात्र भंगारातून घेतला: दोनशे रुपये, आणि साईंनी कापडाने पुसून कागदात बांधून दिला.

उरला धूर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. काळा म्हणजे पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जळते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा येत राहिला, तर कूलंट सिलिंडरात उतरते आहे. सकाळच्या पहिल्या स्टार्टला सौ.ने गाडीमागे उभे राहून पाहायचे आणि मी आत बसून किल्ली फिरवायची, अशी आमची जुनी पद्धत. "काही दिसत नाही," ती म्हणाली. "चष्मा आहे ना?" मी विचारले. "तुमच्यापेक्षा मला लांबचे बरे दिसते." पीयूसीच्या यंत्रानेही तिचीच बाजू घेतली.

कल्याणच्या आरटीओत गाडी दाखवली. तपासणाऱ्या तरुणाने चासीचा नंबर पडताळला, दिवे लावायला सांगितले, ब्रेक पाहिले, नवी नंबरप्लेट पाहिली, आणि मला विचारले, "काका, एवढी कशाला ठेवलीत?" मी म्हटले, "अजून थांबते म्हणून." त्याने सही केली. २०३० पर्यंत सवड मिळाली.

सगळा हिशेब, सरकारी रकमा सोडून, एकवीस हजारांवर गेला. मी तो चिरंजीवांना जसाच्या तसा कळवला, आणि त्यांच्या धास्तीपुढे माझी बाजूही थोडी खाली घेतली. एअरबॅग मला बसवता येणार नाही. म्हणून आता ही गाडी द्रुतगती मार्गावर जात नाही, रात्रीच्या पावसात निघत नाही, आणि नातवंडे आली तर तिच्यात बसत नाहीत. बाजार, दवाखाना, स्टेशन, कोंडेश्वर. साठच्या पुढे काटा नाही. आणि ज्या दिवशी पेचकसाखाली आतली तुळई भद्द वाजेल, त्या दिवशी घोडा बदलायचा. वहीच्या पहिल्या पानावर तसे लिहून आम्ही दोघांनी सही केली आहे.

परवा चिरंजीव घरी आले होते, स्वतःच्या तीन वर्षांच्या नव्या गाडीतून. जेवण झाल्यावर मी सहज त्यांचे बॉनेट उघडून ऑइलची काडी बाहेर काढली. तिच्या टोकाला जेमतेम ठिपकाभर ऑइल लागले होते.

"ही काय असते, बाबा?" त्यांनी विचारले.

मी त्यांच्या हातात फडके दिले.